ध्वनिमुद्रणाची पिशवी आणि तिच्यातील ब्रॅकेट : जांबोटी परिसरातील बोली-अभ्यासाच्या संदर्भात

बोलीभाषांवरील प्रबंधांत संशोधनपद्धतीचे एक प्रकरण असते. निवेदकांची निवड कशी केली, प्रश्नावली कशी तयार केली, कोणत्या गावांना भेटी दिल्या, याचा तपशील त्यात सविस्तर येतो. ध्वनिमुद्रणाविषयी मात्र बहुधा एकच वाक्य असते : ‘मुलाखती ध्वनिमुद्रित करण्यात आल्या.’ कोणत्या यंत्रावर, कोणत्या मायक्रोफोनने, यंत्र कोठे ठेवून, कोणी धरून, यांपैकी काहीही त्या वाक्यात नसते. वास्तविक पुढील सर्व विवेचन त्या ध्वनिमुद्रणावर उभे असते. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाजूचा एक अगदी छोटा भाग घेतला आहे. खांद्याला अडकवायच्या पिशवीत ध्वनिमुद्रणाची साधने कशी बसवावीत आणि त्यासाठी लागणारी ब्रॅकेट आपल्याच भागात कशी करून घ्यावीत, एवढाच हा विषय आहे. भाषेच्या प्राध्यापकाने पत्र्याच्या ब्रॅकेटवर का लिहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर आधी देतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मुस्लिम घरांत बोलली जाणारी दखनी ही उर्दूची बहीण असली तरी मराठी आणि कन्नड यांच्या शेजाराने घडलेली बोली आहे. मराठीतला ‘नको’ तिने जसाच्या तसा घेतला. मराठीतला अवधारणार्थी ‘च’ही घेतला. ‘वो कलच आया’, ‘ऐसाच बोल्या’ अशी वाक्ये दखनी घरांत रोजची आहेत. आता मराठीत ‘च’ दोन आहेत : ‘चाक’ मधला दंत्य आणि ‘चहा’ मधला तालव्य. सीमाभागातील दखनी बोलणारा माणूस ‘कलच’ म्हणताना यांपैकी कोणता ‘च’ उच्चारतो? आजीचा ‘च’ आणि शाळेत कन्नड किंवा उर्दू शिकलेल्या नातवाचा ‘च’ एकच आहे का? मराठीचा प्रभाव नुसता शब्दांपुरता आहे की उच्चारापर्यंत पोचला आहे, हे अशा प्रश्नांवरून ठरते. या दोन ‘च’मधला फरक ध्वनिदृष्ट्या काही हजार हर्ट्झच्या वरच्या, घर्षणाच्या भागात असतो. मायक्रोफोनची वायर पिशवीच्या चेनला घासली की होणारी खरखर नेमकी याच भागावर पसरते. अर्थ कळतो, वाक्य ऐकू येते, लिप्यंतरही करता येते, पण ‘च’ हरवलेला असतो.

दुसरे उदाहरण ‘क़ाफ’चे. दखनीत ‘क़’चा उच्चार पुष्कळदा ‘ख़’ होतो, त्यामुळे ‘क़बर’ आणि ‘ख़बर’ एकसारखे ऐकू येतात. यावरचे विनोद उत्तरेकडील उर्दूभाषक आवडीने सांगतात. हा ‘ख़’ किती घर्षक आहे, की तो साध्या ‘ख’कडे झुकला आहे, हे कानाने आणि संगणकावरील आलेखाने तपासायचे असेल तर मुद्रण स्वच्छ हवे. जांबोटी-कणकुंबीकडच्या मराठीतील अनुनासिक स्वरांचा अभ्यास करणाऱ्यालाही हीच अडचण येते. तेथे वीजवायरीतून शिरणारी ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या १००, १५० हर्ट्झच्या पटी खालच्या भागात गोंधळ घालतात. पुरुषी आवाजाची मूळ पट्टीही साधारण १०० हर्ट्झच्याच आसपास असते.

हे दोष मागाहून काढता येत नाहीत. संगणकावर खरखर कमी करण्याच्या युक्त्या आहेत, परंतु त्या ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी आहेत, मोजणाऱ्याच्या नव्हेत. खरखर काढताना त्याच भागातील घर्षणही कापले जाते.

पूर्वीची साधने

या कामाची परंपरा जुनी आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली आणि दखनीचा विचार असलेला नवव्या खंडाचा पहिला भाग १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्या सर्वेक्षणाला जोडून १९१३ ते १९२९ या काळात ग्रामोफोनवर भाषांचे नमुनेही मुद्रित झाले. तेव्हा माणसाला यंत्रापर्यंत आणावे लागे. अर्नाल्ड बाके या डच संगीत-अभ्यासकाने १९३८ साली दक्षिण भारतात फिरून मुद्रण केले, तर १९८४ साली नझीर जयराजभॉय आणि एमी कॅटलिन यांनी त्याच मार्गाने पुन्हा प्रवास करून बाके यांनी ऐकलेले काय उरले आहे याचा शोध घेतला. पहिले मुद्रण जपले गेले होते म्हणूनच दुसऱ्या प्रवासाला अर्थ आला.

आपल्या वाचकांना अधिक जवळचे उदाहरण जात्याचे आहे. रिचर्ड ईटन यांनी ‘सुफीज ऑफ बिजापूर’ या १९७८ च्या ग्रंथात विजापूरच्या सूफींच्या परंपरेतील चक्कीनामा आणि चरखानामा या दखनी रचनांकडे लक्ष वेधले. दळताना व सूत काढताना बायकांनी म्हणायच्या या रचना होत. इकडे महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन उभे केले त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, आणि १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील हजारो ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. चक्कीनामा आणि ओवी यांचे नाते तपासायचे तर दोन्हींचे शब्द आणि चाल दोन्ही हवेत, आणि चाल कागदावर उतरत नाही. सीमाभागातील घरांतून जाते कधीच मागे पडले. ज्या स्त्रियांनी लहानपणी आईच्या शेजारी बसून दळण ऐकले, त्या आज वृद्ध आहेत. त्यांच्याकडे दुसऱ्यांदा जाता येईलच असे नाही.

आता साधनांकडे. स्टीफन कुडेल्स्की या पोलिश अभियंत्याने स्वित्झर्लंडमध्ये १९५१ साली ‘नाग्रा’ हे वाहून नेता येणारे ध्वनिमुद्रक यंत्र तयार केले. पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘ध्वनिमुद्रण करील’ असा आहे. नाग्रा एक मजबूत पेटी होती. तिला पट्टा होता, बॅटऱ्या तिच्या पोटातच होत्या आणि मायक्रोफोनची वायर तिला थेट जोडली जाई. तिच्यासाठी पिशवीत काही बसवण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे यंत्रे लहान झाली आणि सुट्या वस्तू वाढल्या. आज ध्वनिमुद्रक (झूम कंपनीचे २०१५ चे एफ-८ किंवा साउंड डिव्हायसेसची २०१७ ची मिक्सप्री मालिका या वर्गातील), बिनतारी मायक्रोफोनचे एक-दोन रिसीव्हर, बाहेरची लिथियम बॅटरी, तिच्यापासून वीज वाटणारी छोटी डबी, हेडफोन आणि या सर्वांना जोडणाऱ्या सात-आठ वायरी एका पिशवीत जातात. प्रत्येक वस्तू उत्तम, पण त्या एकमेकींना लागून नुसत्या कोंबलेल्या असतात. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ल्याकडे जाणाऱ्या बसमध्ये तासभर हादरे खाल्ल्यावर कोणता प्लग अर्धवट सुटला आहे हे कोणालाच कळत नाही.

सिनेमाच्या व्यवसायात ध्वनिमुद्रक मंडळी यावर उपाय म्हणून पिशवीत धातूची ब्रॅकेट बसवून घेतात. परदेशी कंपन्या अशा पिशव्या आणि चौकटी तयार विकतात. त्यांच्या किमती आपल्या महाविद्यालयांच्या अंदाजपत्रकात बसत नाहीत, आणि त्या एका विशिष्ट यंत्रासाठी केलेल्या असतात. ब्रॅकेट म्हणजे मुळात वाकवलेला, भोके पाडलेला पत्रा आहे. बेळगावच्या उद्यमबागेत यापेक्षा कितीतरी अवघड कामे रोज होतात.

पिशवीत कशाची जागा कोठे

ब्रॅकेटचे काम वस्तू घट्ट धरण्याचे आहे, ही समजूत अर्धीच खरी आहे. त्याहून महत्त्वाचे काम म्हणजे वस्तूंमधील अंतर कायम ठेवणे. हे अंतर तीन कारणांसाठी लागते : प्लगसाठी, हवेसाठी आणि रेडिओलहरींसाठी.

प्लगचे अंतर सर्वांत आधी चुकते. मायक्रोफोनचा सरळ तीन-पिनी प्लग जवळजवळ सात सेंटिमीटर लांब असतो आणि त्यातून निघालेल्या वायरीला वळायला आणखी दोन-तीन सेंटिमीटर लागतात. पिशवी नुसत्या यंत्राच्या मापाने घेतली तर हा प्लग पिशवीच्या भिंतीला टेकतो आणि चालताना प्रत्येक पावलागणिक यंत्राच्या सॉकेटवर दाब येतो. सॉकेट आतल्या छापील पट्टीवर झाळलेले असते. काही महिन्यांत ती झाळ तडकते, मग आवाज येतो-जातो. यावर काटकोनी प्लग हा उपाय आहे, आणि यंत्र भिंतीपासून ठरावीक अंतरावर अडवून धरणारे ब्रॅकेट हा दुसरा. दोन्ही एकत्र असावेत.

हवेचे अंतर सोपे आहे. ध्वनिमुद्रक चालू असताना गरम होतो. त्याच्या दोन्ही बाजूंना आणि खाली बोटभर, म्हणजे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर मोकळी जागा ठेवली की पुरे. बॅटरी मात्र त्याच्या थेट खाली ठेवू नये.

रेडिओलहरींचा प्रश्न बिनतारी मायक्रोफोन वापरणाऱ्यांनाच पडतो, पण त्यांना तो फार छळतो. ६०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ५० सेंटिमीटर असते, म्हणून तिच्या पाव लांबीचा, सुमारे साडेबारा सेंटिमीटरचा अँटेना रिसीव्हरला असतो. हा अँटेना पत्र्याला चिकटून आडवा पडला तर तो जवळजवळ बहिरा होतो. म्हणून रिसीव्हरचे ब्रॅकेट पिशवीच्या वरच्या कडेला असावे, अँटेना पत्र्याच्या वर उभा निघावा, आणि दोन रिसीव्हर असतील तर ते पिशवीच्या दोन टोकांना असावेत. हेडफोनसाठी बिनतारी ट्रान्समीटर वापरत असाल तर तो रिसीव्हरपासून शक्य तितका दूर, शक्यतो कमरेच्या पट्ट्याला लावावा. २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या स्वस्त संचांच्या बाबतीत माणसाचे शरीरच आडवे येते. पिशवी पोटावर आणि बोलणारा पाठीमागे अशी स्थिती टाळावी. मोबाइल फोन पिशवीत ठेवू नये, हे सांगण्याची गरज नसावी, तरी सांगतो.

धातू, जाडी आणि आटे

ब्रॅकेटसाठी दोन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा सर्वांत सोयीचा. लोखंड का नको, हे साध्या हिशेबाने कळते. २४ बाय १५ सेंटिमीटरची, दोन मिलिमीटर जाडीची तळाची पट्टी घेतली तर तिचे घनफळ ७२ घनसेंटिमीटर होते. ॲल्युमिनियममध्ये तिचे वजन सुमारे १९५ ग्रॅम, लोखंडात सुमारे ५६५ ग्रॅम. पिशवी चार-चार तास खांद्यावर असते, आणि आपल्या विभागांत हे काम बहुतेक वेळा विद्यार्थिनी करतात. सुमारे ३७० ग्रॅमचा फरक त्यांच्या खांद्याला कळतो. लोखंड जांबोटीच्या पावसाळी दमट हवेत गंजते, हा आणखी एक दोष.

पत्रा मागताना ५०५२ किंवा ६०६१ असे जे आकडे ऐकू येतात त्यांत एकच गोष्ट लक्षात ठेवावी. वाकवायच्या कामासाठी ५०५२ सारखी मऊ जात घ्यावी. ६०६१ चा कडक केलेला पत्रा मजबूत असतो, पण काटकोनात वाकवताना घडीवर चिरतो. कोणताही पत्रा अगदी तीक्ष्ण घडीत वाकवू नये. घडीची आतली गोलाई निदान पत्र्याच्या जाडीइतकी असावी. हे कारागिराला सांगावे लागत नाही, पण त्याने विचारले तर आपल्याला उत्तर देता यावे.

हल्ली त्रिमितीय छपाईने प्लास्टिकची ब्रॅकेट करून देणारे भेटतात. लहान भागांसाठी ती उत्तम आहेत. मात्र पीएलए हे नेहमीचे प्लास्टिक ६० अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ पडते आणि एप्रिलच्या उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तेवढी उष्णता सहज होते. छापून घ्यायचेच तर पीईटीजी किंवा एबीएसमध्ये घ्यावे. ॲक्रिलिक नको. ते सुंदर दिसते आणि भोकापाशी तडकते.

आता आट्यांविषयी. ध्वनिमुद्रकाच्या तळाशी पुष्कळदा कॅमेऱ्याच्या तिपाईसारखे एक भोक असते. त्याचे आटे पाव इंची, इंचाला वीस असे असतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि हार्डवेअरच्या दुकानात सहज हाती येणारा बोल्ट असतो सहा मिलिमीटरचा, एक मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा. तो त्या भोकात सैलसर शिरतो, एक-दोन फेरे बसल्यासारखा वाटतो आणि जोराने आवळला की यंत्राचे आटे खाऊन टाकतो. दुकानात ‘दोन सुती’ बोल्ट मागावा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून दोन सूत म्हणजे पाव इंच. जुन्या व्हिटवर्थ पद्धतीचा दोन सुती बोल्टही इंचाला वीस आट्यांचाच असतो. त्याच्या आट्यांचा कोन थोडा वेगळा असला तरी हलक्या हाताने आवळल्यास तो चालतो. मायक्रोफोनच्या काठीच्या टोकाला बहुधा तीन सुती, इंचाला सोळा आट्यांचा स्क्रू असतो, आणि मायक्रोफोनच्या स्टँडला पाच सुती, सत्तावीस आट्यांचा. हे तीन आकडे पिशवीच्या झाकणाच्या आत लिहून ठेवले तर दुकानात उभे राहून वाद घालावा लागत नाही.

बोल्टची लांबीही मोजावी. पत्र्याची जाडी, वायसर आणि यंत्रात पाच मिलिमीटर, एवढीच. लांब बोल्ट आत जाऊन काय टोचेल याचा नेम नाही.

पाच भागांची चौकट

जांबोटी परिसरातील कामासाठी उपयुक्त ठरेल अशी मांडणी पुढे देतो. ती एका तळपट्टीवर उभी आहे. तळपट्टी पिशवीच्या आतल्या मापापेक्षा सर्व बाजूंनी अर्धा सेंटिमीटर लहान असावी, कोपरे कानशीने गोल करावेत आणि कडांवर रबराची पट्टी चढवावी, नाहीतर पिशवीचे कापड महिन्याभरात फाटते.

तळपट्टीवर पुढच्या बाजूला ध्वनिमुद्रकाचे ब्रॅकेट येते. ते सपाट नसावे. यंत्राचा पडदा आणि बटणे मान फारशी न वाकवता दिसावीत म्हणून ते तीस ते चाळीस अंशांनी तिरके करावे. मुलाखत चालू असताना विद्यार्थिनीचे डोळे निवेदकाकडे हवेत आणि पातळीची रेषा तिला ओझरत्या नजरेने दिसावी. यंत्र बसवण्याचे भोक गोल न करता दोन सेंटिमीटर लांबीची खाच करावी. पुढे दुसरे यंत्र आले तर त्याच ब्रॅकेटवर ते पुढे-मागे सरकवून बसवता येते. महाविद्यालयात यंत्रे बदलतात, पत्रा तोच राहतो.

त्याच्या मागे, अंगाच्या बाजूला आणि तळाशी बॅटरीची जागा. सर्वांत जड वस्तू शरीराला लागून असली की पिशवी पुढे ओढत नाही. बॅटरीला इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखे उघडे ब्रॅकेट पुरते आणि ती बदलताना काही सोडावे लागत नाही. किती बॅटऱ्या न्याव्यात याचा हिशेब असा. समजा, यंत्र मायक्रोफोनसह आठ वॅट घेते आणि दोन रिसीव्हर मिळून तीन वॅट. एकूण अकरा वॅट. कॅमेऱ्याची ७.२ व्होल्ट, ६.६ अँपिअर-तासांची मोठी बॅटरी म्हणजे सुमारे ४७ वॅट-तास. तिचे ऐंशी टक्केच हिशेबात धरावेत. साडेतीन तास मिळतात. पावसाळ्यात वीज किती वेळ जाईल याचा भरवसा नसलेल्या भागात एका दिवसाला तीन बॅटऱ्या लागतात. तिसरी कधी लागत नाही, परंतु ती नसली की नेमकी लागते.

रिसीव्हरसाठी वरच्या कडेला आडवी पट्टी असावी, दोन टोकांना दोन खिसे. या पट्टीला मध्ये काही जोडू नये. येथे पत्र्याऐवजी छापलेले प्लास्टिक वापरले तर अँटेनाला अधिक बरे.

वायरींची फणी हा चौकटीतील सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग आहे. तीन सेंटिमीटर रुंद पट्टीच्या कडेला वायरीच्या जाडीच्या खाचा कापायच्या, खाचांच्या कडा घासून त्यांवर रबर बसवायचे आणि ही फणी पिशवीच्या त्या तोंडाशी लावायची जेथून मायक्रोफोनची वायर आत येते. वायर खाचेत अडकवून वर पट्टी बांधली की बाहेरून कोणी वायर ओढली तरी ओढ फणीवर येते, सॉकेटवर येत नाही. घरात मुले धावत असतात, कोणाचा तरी पाय वायरीत अडकतोच.

पाचवा भाग हेडफोनच्या आणि मायक्रोफोनच्या वायरी गुंडाळून ठेवण्याची बाहेरची आकडी. तिच्याविषयी विशेष सांगण्यासारखे नाही.

एक सूचना वेल्क्रोविषयी. पिशवीवाले सर्वत्र वेल्क्रो लावतात, कारण ते सोपे असते. मुलाखतीच्या मध्ये तो उघडला तर कापड फाडल्यासारखा आवाज होतो, निवेदक दचकतो आणि आठवणीचा धागा तुटतो. ज्या वस्तूला मुद्रण चालू असताना हात लावावा लागतो तिला वेल्क्रो नको. तेथे बटण किंवा बकल असावे. आत कायम बसलेल्या भागांना वेल्क्रो चालेल.

धातूच्या संपर्काबद्दलही एक नियम पाळावा. यंत्राची धातूची पेटी ब्रॅकेटला एकतर पक्की आवळलेली असावी किंवा रबराने पूर्ण अलग केलेली असावी. मधली अवस्था, म्हणजे हालचालीगणिक टेकणे-सुटणे, सर्वांत वाईट. त्यातून अधूनमधून जो ‘कट्’ असा आवाज येतो त्याचे कारण शोधण्यात दिवस जातात. एकाच बॅटरीवरून यंत्र आणि रिसीव्हर दोन्ही चालवल्यावर बारीक किणकिण ऐकू आली, तर रिसीव्हर त्यांच्या स्वतःच्या सेलवर चालवून पाहावेत. किणकिण थांबली तर दोष वीजवाटपात आहे, ब्रॅकेटमध्ये नाही.

कारागिराकडे जाण्यापूर्वी

सर्व भाग आधी जाड पुठ्ठ्यात कापावेत. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा दोन मिलिमीटरच्या जवळपास असतो. पुठ्ठ्याची चौकट पिशवीत बसवून, खरे यंत्र, खरे प्लग लावून, पिशवी खांद्याला घालून अर्धा तास वावरावे. बसावे, उठावे, जमिनीवर मांडी घालून बसावे. आपल्याकडच्या मुलाखती खुर्चीवर होत नाहीत आणि मांडी घातल्यावर पिशवीचा तळ मांडीला टेकून यंत्राचा कोन बदलतो, हे कागदावरच्या चित्रात दिसत नाही. सगळे ठीक वाटल्यावर तोच पुठ्ठा कारागिराला द्यावा. मापांच्या चिठ्ठीपेक्षा त्याला पुठ्ठा चटकन समजतो. भोके पाडून झाल्यावर आतली बाजूही घासून घ्यायला सांगावे. बाहेरून गुळगुळीत आणि आतून करवतीसारखे भोक वायरीचे आवरण कापते.

पिशवी स्वतः कोणत्याही बॅगा शिवणाऱ्याकडून करून घेता येते. आत फोमचे अस्तर, बाहेर जाड सुती कॅनव्हास. चमकणारे नायलॉन अंगाशी घासताना सळसळते. दोन्ही खांद्यांवरून जाणारा, पाठीवर फुलीने जुळणारा पट्टा घ्यावा, आणि त्याची लांबी विद्यार्थिनींच्या मापानेही कमी करता यावी.

घरात, पडद्याआड

आपल्या समाजातील वृद्ध स्त्रियांकडून चक्कीची, पाळण्याची, शादीतली गीते ऐकायची तर पुरुष संशोधकाला बहुतेक घरांत बाहेरच बसावे लागते. यात अडचण मानण्याचे कारण नाही. दहा मीटरच्या चांगल्या संतुलित मायक्रोफोन-वायरीत आवाजाची म्हणण्यासारखी घट होत नाही. विद्यार्थिनी मायक्रोफोन घेऊन आत बसते आणि पिशवी ओसरीवर राहते. मात्र अशा वेळी वायर उंबऱ्यावरून जाते, दारात दबते, ओढली जाते. वर सांगितलेली फणी याचसाठी आहे. पिशवी विद्यार्थिनीकडेच सोपवणे अधिक चांगले, कारण आत काय चालले आहे हे पातळीच्या काट्यापेक्षा तिला अधिक कळते. मग पिशवीचे वजन, पट्टा, तिरका कोन, सगळे तिच्या मापाचे हवे, माझ्या नव्हे.

छातीवर लावायचा छोटा मायक्रोफोन बुरख्याच्या किंवा ओढणीच्या आत लावला तर कापडाची सळसळ मुद्रणावर येते. तो निवेदक स्त्रीने स्वतः, बाहेरच्या बाजूला लावावा. तिला ते नको असेल तर आग्रह करू नये. छोट्या स्टँडवर, तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवलेला मायक्रोफोन पुरेसा आहे. जाते खरोखर फिरवत गीत म्हटले जाणार असेल तर मायक्रोफोन जात्याच्या जमिनीवर ठेवू नये. दगडाचा घरघराट जमिनीतून स्टँडमध्ये येतो. फडक्याची जाड घडी स्टँडखाली घालावी आणि यंत्रातील ८० हर्ट्झच्या आसपासची खालची कापणी चालू करावी. पुढे मूळ पट्टीचे मोजमाप करायचे असेल तर कापणी न करता घ्यावे आणि घरघर सहन करावी.

झूम एफ-६ सारख्या २०१९ नंतरच्या यंत्रांत ३२ बिट फ्लोट पद्धतीची सोय असते. आवाज एकदम चढला तरी फाटत नाही, हा तिचा लाभ मोठा आहे, विशेषतः गीत म्हणताना आवाज चढवणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत. पण त्यामुळे सैल प्लगची खरखर जात नाही. ती तेवढ्याच इमानदारीने मुद्रित होते.

जांबोटीची हवा

जांबोटी सह्याद्रीच्या माथ्याजवळ आहे. पुढे कणकुंबीला मलप्रभेचा उगम आणि त्यापलीकडे चोर्ल्याचा घाट. जून ते सप्टेंबर धुके आणि पाऊस, हवा कायम ओली. बाहेरच्या गारव्यातून चुलीच्या उबेच्या खोलीत पिशवी आणली की धातूवर दव धरते. मायक्रोफोन आणि यंत्र पिशवीतून काढण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे बंदच ठेवावीत. चौकटीत सिलिका जेलच्या दोन पुड्यांसाठी जागा ठेवावी. पुड्या ओल्या झाल्यावर तव्यावर हलक्या आचेने वाळवून पुन्हा वापरता येतात. पत्र्याच्या घरात पावसाच्या वेळी मुद्रण होत नाही, हे मान्य करून वेळ ठरवावी. पहाटे किंवा पाऊस उघडल्यावरचा तास बरा. संध्याकाळी बेडूक आणि रातकिडे सुरू होतात, आणि रातकिड्यांचा आवाज नेमका ‘च’ आणि ‘स’च्या भागात असतो.

प्रत्येक बैठकीपूर्वी पिशवी खांद्याला घालून, हेडफोन कानाला लावून, खोलीत दहा पावले चालावे आणि ते मुद्रित करावे. त्यात काही खुडखुडले तर दोष पिशवीत आहे आणि तो तेथेच सापडतो. हे दहा पावलांचे मुद्रण पुसून टाकू नये. त्या दिवशीच्या फाइलबरोबर, निवेदकाचे गाव, तारीख आणि ब्रॅकेटच्या आराखड्याचा क्रमांक यांसह जपून ठेवावे. वीस वर्षांनी कोणी हे मुद्रण ऐकेल आणि एखादी खरखर दखनीची आहे की आमच्या पिशवीची, असा प्रश्न त्याला पडेल, तेव्हा त्याला ही फाइल लागेल.